जांभळ्या पुडीचे दोन पेले

नर्स : काकू, जीभ दाखवा बरं.

काकू : माझी कशाला? तुमच्या त्या औषधाच्या चाचणीतल्या पुड्या यांना चालू आहेत. मी नुसती सोबत आलेय.

नर्स : दाखवा तरी. हं, जांभळी आहे. काका, तुमची पूड यांनी खाल्ली?

शिंपीकाका : मीच दिली. रोज निम्मी मला, निम्मी हिला.

नर्स : अहो, चहा आहे का तो, वाटून प्यायला?

शिंपीकाका : तुम्हीच म्हणालात ना, जादाच्या चरबीनं अंगात आतल्या आत सूज धरते, ती या बेरीच्या पुडीनं उतरते का बघायचंय. मग चरबी काय मला एकट्यालाच आहे? मशीनवर बसून मी वाढलो, शेजारी बसून काजं-बटणं करत ही वाढली. चाचणीत घेतलंत मात्र मला एकट्याला.

नर्स : त्यांना मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत, म्हणून नाही घेतलं. आणि तुमच्या पुडीत खरी बेरी आहे की नुसता रंग, ते मलाही माहीत नाही. पण निम्मीच घेतली असेल, तर तुमची रक्ततपासणी आमच्या उपयोगाची नाही. डॉक्टर तुमचं नाव कमी करतील.

शिंपीकाका : करू देत. ही म्हणते, गुडघे बरे आहेत. मला तेवढं पुरे. मी एकटाच बरा होऊन कुणाबरोबर फिरू?

काकू : काहीतरीच बोलू नका. ताई, यांचं नाव राहू द्या. यांच्या पोटात रोज पुरती पुडी गेलीय.

शिंपीकाका : कशी जाईल? निम्मी मी स्वतः बाजूला काढायचो.

काकू : आणि पाण्यात कालवायचं कोण? दोन्ही निम्म्या तुमच्याच पेल्यात टाकायचे मी. माझ्या पेल्यात साधं पाणी. स्टीलच्या पेल्यात काय दिसतंय तुम्हाला, तेही चष्म्याशिवाय. मी आपली चमचा तेवढा चाटायचे. वाया कशाला घालवायचा?

नर्स : धन्य आहात दोघं. हे डॉक्टरांना सांगावंच लागेल मला. पण पूड पोटात गेली असेल तर ते ठेवून घेतील, असं वाटतं. चमचासुद्धा चाटायचा नाही आता, काकू.

काकू : नाही चाटणार.

शिंपीकाका : अगं, पण मग तुझे गुडघे? रोज सकाळी विचारायचो, तर म्हणायचीस, आज बरं आहे.

(काकू पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहते.)

काकू : तुम्ही पायाशी बसून विचारायचात. तेवढा वेळ खरंच बरं असायचं.