निलगिरीचा शेंडा

तुम्ही हसाल, पण त्या दिवशी माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. अंगणातल्या निलगिरीचा शेंडा दरवर्षी छाटावा लागतो, नाहीतर आमच्या एडवण गावचा दर्यावरचा वारा तिला आमच्याच कौलांवर पाडेल. आमचे हे कोयता घेऊन सरसर वर चढले. कमरेला होडीचा दोर बांधला, दुसरं टोक झाडाला गुंडाळलं आणि घाव घालायला लागले. खोड अर्धं कापून झालं तेव्हा माझं लक्ष गेलं. दोर घावाच्या वर बांधला होता. शेंडा पडला की नवराही त्याच्याबरोबर खाली येणार!

"अवो, थांबा! दोर बगा!"

"गप बस! दर्यावर गाठी मारून केस पिकले माझे. तू शिकवतेस?"

आणखी एक घाव. लाकूड करकरलं.

"गाठ चांगली हाय वो! पण ज्याला बांधून घेतलंय त्यालाच कापताय तुमी!"

कोयता हवेतच थांबला. त्यांनी वर पाहिलं, मग खाली. वाऱ्याने शेंडा वाकत होता. मी देवाचं नाव घेतलं नाही, त्यांच्या हाताकडेच बघत राहिले. त्यांनी हळूहळू दोर सोडून घावाखाली बांधला, मग शेंडा तोडला.

उतरल्यावर म्हणतात कसे, "पुढच्या वर्सी तूच चढ."

म्हटलं, "चढन की. पण खालून बगायला तुमी असणार, त्याचीच भीती वाटते."