सहा खाटा, सात नोंदी

हॅलो? … हो, मावशी, मीच. मोजलं सगळं. पेशंटच्या खाटा सहा, चाकाच्या खुर्च्या अकरा, वॉकर चौदा. खुर्च्या-वॉकर जुळतायत… खाटांच्या भाड्याच्या नोंदी सात आहेत गं.

… सात. परत मोजल्या.

… छे, कुणी खोटं नाही बोललेलं. सकाळी नेट गेलं होतं ना? तेवढ्यात शेवटची खाट मी इथून भाड्याने दिली आणि आपल्या पलीकडच्या दुकानातून तिथल्या ताईंनीही दिली. दोघींच्या स्क्रीनवर ‘एक शिल्लक’.

… अगं ऐक ना, दोन्ही दुकानांत डेटाबेसची आपापली प्रत आहे. नेट आलं की त्या एकमेकींशी जुळतात. आज जुळल्या, तेव्हा कळलं.

… हो, हा डेटाबेस मीच निवडला. ‘शिकलेली भाची’ वगैरे नंतर बोल… तू म्हणालीस, काउंटर मिनिटभरही बंद पडता कामा नये. मी तेवढंच धरून बसले. ज्यांच्याकडे एकाच वस्तूचे हजार नग, त्यांना हा चालतो. घोळ झाला की गोदामातून दुसरा नग काढतात. आपल्याकडे सहा! आपल्याला एकच डेटाबेस हवा होता, एकाच जागी. नेट गेलं तर पलीकडच्या दुकानाने थांबायचं… हो, गिऱ्हाईक कुरकुरलं असतं. कुरकुरू द्यायचं होतं गं.

… तू कुठे आहेस? ताईंच्या गिऱ्हाइकाकडे खाट लावून झाली? … आजी झोपल्यासुद्धा? … नाही, नाही! झोपलेल्या माणसाखालून काढायची का आता? राहू दे.

… मी ज्यांच्यासाठी खाट दिली, त्या आजोबांची लेक माझ्यासमोर बसलीय. खुब्याचं ऑपरेशन झालंय त्यांचं. ॲम्ब्युलन्स निघाली… कसं थांबवणार? वॉर्डातली त्यांची जागा दुसऱ्या पेशंटला दिलीसुद्धा.

… केले ना फोन, सगळ्या भाड्यावाल्यांना. कुणाकडेच नाही. आपली पहिली खाट परवा सुटते.

… पाणी दिलं. घेतलं नाही. ‘तुम्ही हो म्हणाला होतात’ एवढंच बोलल्या… ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

… थांब, थांब. काकू म्हणतायत, घरी सोफा आहे. त्यांचे शेजारी तिथे टेप घेऊन मोजतायत, ह्यांना फोनवर सांगतायत… हं, सांगा काकू… आणि बाबांची उंची? … बरं.

मावशी? … सोफा एकशे साठ सेंटिमीटर. आजोबा एकशे अठ्ठ्याहत्तर.