दिल्याचा राक्षस आणि कावळा

आमच्या दिल्याच्या दहाव्याला काय झालं, ऐका. केडगावचा हा गडी कार्टूनमधल्या राक्षसांना आवाज द्यायचा. त्याच्या हसण्यानं पोरं चड्डीत मुतायची, आणि घरी बायकोपुढं हाच मांजर. दुःख एकच : "च्यायला, दर भागात शेवटी मार मीच खातो!"

घाटावर पिंड मांडला, पण कावळा काही शिवेना. म्हणजे गड्याची इच्छा राहिलेली. थोरला भाऊ म्हणाला, "दिल्या, पोरीचं लग्न मी करतो रं." कावळा ढिम्म. दिल्याची बायको, आमच्या वहिनी, म्हणाल्या, "तिला लई शिकवते, काळजी करू नका." तरी ढिम्म. ऊन चढलं. गुरुजी कंटाळून दर्भाचा कावळा करायला बसले.

मला राहवेना. हात जोडून ओरडलो, "दिल्या, पुढच्या भागात राक्षसच जिंकतो!"

कावळा सपकन खाली आला आणि भात पार विस्कटून गेला.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. वहिनींनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "भावजी, त्या कार्टूनवाल्यांना आधी फोन लावा. राक्षस परत हरला, तर हे घरी येऊन माझंच डोकं खातील."