गाढवं पुलावरच अडली पाहिजेत

...नाही, पण मला सांगा, सूपमध्ये मीठ जास्त पडलंय असं ज्यानं सूप केलं तोच सांगतोय, आणि समोर जेवायला बसलेली बावीस वर्षांची पोरगी त्यालाच ठणकावते, "मीठ एवढंच असतं, तुम्ही हात लावू नका!" ऐकून घ्याल तुम्ही? आमच्या लेशेकनं ऐकून घेतलं! सात महिने ऐकून घेतलं! आणि त्याच्या शेजारी काकड्या चिरत बसलेली मी, मलाही फुकटचं ऐकावं लागलं!

तुम्हाला सांगते, लेशेक म्हणजे माझा नवरा. आता इथं ग्लिव्हित्से गावात लिफ्टा दुरुस्त करतो, पण शहाण्णव साली त्यानं दोन मित्रांबरोबर तळघरात बसून कॉम्प्युटरवरचा एक खेळ केला होता, 'सात किल्ले'. किल्ला बांधायचा, शेतं पेरायची, गिरणीतली पिठाची पोती गाढवांवर लादून सैन्याला पोचवायची, आणि मग शेजारच्या राजाला बडवायचं. अख्ख्या पोलंडातली पोरं अभ्यास टाकून गाढवं हाकत होती हो! पुढच्याच वर्षी पूर आला, तळघरात छातीभर पाणी, आणि खेळाचा मूळ प्रोग्रॅम ज्या डिस्कांवर होता त्या सगळ्या गाळात. खेळ लोकांच्या घरी राहिला, पण त्याच्या आत काय लिहिलंय ते कुणाकडेच राहिलं नाही. लेशेकनं तो धंदाच सोडला. लिफ्टा दुरुस्त करायला लागला.

आणि दोन वर्षांपूर्वी याला इंटरनेटवर काय दिसावं? कुठली कुठली पोरं जमून त्याच खेळाचं इंजिन नव्यानं लिहितायत! चित्रं जुनीच, आवाज जुनेच, आतली यंत्रणा तेवढी नवी, कारण जुनी हल्लीच्या कॉम्प्युटरवर उठतच नाही. मूळ प्रोग्रॅम हाताशी नाही, मग ही पोरं करतात काय, जुन्या यंत्रावर जुना खेळ लावतात, टक लावून बघतात, गाढव किती पावलं चाललं, कुठं थबकलं, आणि तस्संच नव्यानं लिहून काढतात. सगळं उघड्यावर, फुकट! कुणीही या, वाचा, सुधारणा सुचवा!

"हालिना," लेशेक ओरडला, "माझी गाढवं जिवंत आहेत!"

लग्नात एवढा हसला नव्हता.

आता या खेळात एक पूल आहे. अरुंद. त्यावर दोन गाढवं समोरासमोर आली की दोन्ही थांबतात. थांबतात म्हणजे... थांबतातच! हलत नाहीत, पीठ पलीकडं जात नाही, सैन्य उपाशी, राजा ठार. घाईघाईत राहून गेलेली चूक ती, पण याच्या मनात सत्तावीस वर्षं सलत होती. आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला केक कापताना मध्येच म्हणायचा, "दोघांतल्या एकानं मागं सरायला हवं होतं." मला वाटायचं, आमच्याबद्दल बोलतोय!

तर हा त्या पोरांत सामील झाला, पण खरं नाव न सांगता. भाजीपाल्यासाठी आम्ही भाड्यानं घेतलेल्या बागेच्या तुकड्याचा नंबर चौसष्ट, म्हणून 'वाफा ६४' असं नाव घेतलं. आणि प्रोग्रॅमची दुरुस्ती पाठवली. अकरा ओळी. एक गाढव मागं सरतं, दुसरं जातं, संपलं! उत्तर आलं व्रोत्सवाफ शहरातल्या कोर्नेलियाचं. तीच ती बावीस वर्षांची, कॉलेजात शिकते, पण इथली शेवटची तपासणी तिच्या हातात. काय लिहिलं असेल?

"मूळ खेळात असं नाहीये. नामंजूर."

यानं लिहिलं, अहो, ती चूक आहे. ती म्हणाली, असेल, पण मूळ खेळात ती आहे. यानं पुन्हा पाठवली, तिनं नऊ पानं पाठवली, बाणबिण काढून, गाढवं कुठल्या पावलाला कशी अडतात याची! यानं लिहिलं, "खेळ करणाऱ्याला असं नको होतं." तर म्हणते, "खेळ करणाऱ्याच्या मनातलं तुम्हाला काय ठाऊक?"

मी म्हटलं, "लेशेक, सांग ना तिला, तो मीच म्हणून!"

"नाही. मग ती माझ्या नावाला हो म्हणेल. माझ्या अकरा ओळींना नाही."

बघा! म्हणजे ओळी मंजूर व्हायला हव्यात, पण ओळख नको! सात महिने हेच. हा पाठवतोय, ती परत करतेय, मूळ खेळात असं नाहीये, मूळ खेळात असं नाहीये... घरात खिडकी वाजली तरी मला तेच ऐकू यायला लागलं! शेवटी एका मंगळवारी हा कुठल्याशा इमारतीत लिफ्टीत अडकलेल्या बाईंना काढायला गेला आणि मी बसले त्याच्या खुर्चीवर. लिहिलं, "मुली, हे लेशेक आहेत. हा खेळ यांनीच केलाय. जरा अदबीनं बोल."

पाच मिनिटांत उत्तर! "अभिनंदन. या वर्षीचे तुम्ही चौथे लेशेक." आणि खाली दहा प्रश्न, खरे असाल तर सोडवा म्हणून!

हा घरी आला, पाव तास माझ्यावर तडकला, आणि मग मुकाट्यानं पेपर सोडवायला बसला. पहिलाच प्रश्न, तिसऱ्या किल्ल्याच्या बुरुजावर कावळे किती?

"कावळे? मी कावळे ठेवले होते?"

मी म्हटलं, पाच लिही. सात निघाले! निकाल आला. "दहापैकी चार. मागच्या लेशेकला सहा होते."

तुम्हाला सांगते, माणूस एवढासा झाला हो. जेवला नाही. म्हणाला, "हालिना, कदाचित तो खेळ मी केलाच नसेल."

आता मात्र माझं डोकं फिरलं! कारण तुम्हाला एक सांगायचं राहिलं, त्या खेळात राणी आहे ना, तिचा आवाज माझा आहे. तेव्हा नटी आणायची कुठून? यानं मला कपाटात कोटांच्या मध्ये डोकं खुपसून उभं केलं होतं, बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून, आणि मी म्हटलं होतं, "महाराज, पीठ संपलं!" तेच परत म्हटलं, फोनवर रेकॉर्ड केलं आणि दिलं पाठवून, कोर्नेलियाच्या नावानं. खाली घरचा पत्ताही टाकला, खात्री करायची तर ये म्हणून!

दोन दिवस काहीच नाही. शनिवारी दाराची बेल वाजली. दारात एक बारकीशी मुलगी, हातात फुलं. लेशेक पुढं झाला, तर त्याला वळसा घालून फुलं माझ्या हातात!

"काकू... एकदा म्हणा ना."

मी म्हटलं. आणि ती रडायलाच लागली हो, तिथंच, पायपुसण्यावर.

आत बसवलं, चहा दिला, तेव्हा बोलली. तिचे बाबा ट्रक चालवायचे, रविवारचे तेवढे घरी. बापलेक मिळून हा खेळ खेळायचे, आणि पुलावर गाढवं अडली की बाबा म्हणायचे, "भांडली बघ! चल, त्यांचं मिटेपर्यंत आपण जेवून घेऊ." चार वर्षं झाली बाबा जाऊन.

"काका," ती लेशेकला म्हणाली, "तुमच्या अकरा ओळी मी लावून पाहिल्या. उत्तम आहेत. एकही खोट नाही. पण मग गाढवं एकमेकांना वाट देऊन निघून जातात. खेळ थांबतच नाही. मग आम्ही जेवायला कधी उठायचं?"

लेशेकनं कप खाली ठेवला. आतून नुसता हलला होता, मला कळत होतं, तीस वर्षं झाली लग्नाला. मग म्हणाला, "नामंजूरच ठेव. मूळ खेळात असं नाहीये."

आणि ताटं मांडायला उठला. स्वतः! मी पाहतच राहिले!

तेव्हापासून काय विचारता! राणीचा पत्ता लागला म्हणून बातमी पसरली, आणि आता चाळिशीचे, टक्कल पडलेले बाप्ये मला पत्रं पाठवतात, फोटो मागतात, बायकोच्या वाढदिवसाला दोन शब्द बोला म्हणतात. आणि लेशेक? त्याला पोरांनी काम दिलंय, सातही किल्ल्यांवरचे पक्षी मोजून यादी करायची, आणि तो ते मन लावून करतो, उत्तर चुकलं की कोर्नेलिया परत पाठवते. परवा कॅनडाहून एका भल्या माणसाचं पत्र आलं, चार पानं नुसतं माझं कौतुक, आणि शेवटी अदबीनं विचारलंय, "बाई, तुमचे यजमान काय करतात?"

आता काय लिहायचं, तुम्हीच सांगा! लिहिलं, "विशेष काही नाही हो, दिवसभर कॉम्प्युटरवर खेळत असतात."