चाकावरच्या खोलीचं सारवण

मी मूळचा नरखेड तालुक्यातला, संत्र्याच्या मुलखातला, पण वावर आमचं बोटभर नाई, बाप दुसऱ्याच्या बगीच्यात पाणी वळवे, अन् मी लहानपणापासून माशांच्या मांगं, म्हणजे मधमाशांच्या बरं का, नाईतर लोक हसतात. झाडाच्या ढोलीतलं मोहोळ काढता काढता एका मास्तरनं मले पेट्या ठेवाले शिकवलं, अन् तवापासून मी बहाराच्या मांगं फिरून राहिलो. संत्र्याले फूल आलं का इथं, मंग तिळावर, मंग मोहरीवर, मंग जंगलाच्या कडेले, पेट्या पिकअपमधी भरल्या का निघालो. एका गावात दोन महिने सलग राहिलो असं मले आठवत नाई.

अन् संग बायको, सुशीला. तुमी म्हणाल बायको काहून संग, तर बाप्पा, माशा माह्या नाईतच, तिच्या आहेत, मी नुसता हमाल. ती पेटीले कान लावे अन् सांगे, अवो, या पेटीतली राणी मेली. खोलून पाह्यलं तर खरंच राणी नाई. असा कान मले उभ्या जन्मात नाई आला. आमी वावराच्या कडेले पाल ठोकून राहू, अन् तिची एक खोड, कुठंही गेलो, दोन दिवसापुरतं का असेना, पहिले शेणामातीनं जमीन सारवे, मंग चूल मांडे. मी म्हणो, अवं, परवा उठून जाचं आहे आपल्याले, काहून हात खराब करतं? ती म्हणे, बिनसारवल्या जागी जनावर निजते, माणूस नाई. मंग मीच शेण आणून देओ.

मंग तिले लकवा मारला, चार सालं झाले. उजवा पाय गेला. हात वाचले, कान वाचला, पण पालात राहणं संपलं, संडासले कुठं जाईन ती, उठाबसाले आधार पाहिजे. आमची पोरगी रंजना नागपूरजवळ बेसाले राहाते, तिच्याकडं ठेवली. जावई देवमाणूस, घर चांगलं, पण तिसरा मजला, अन् लिफ्ट सदा न कदा बंद. मी इकडं पेट्या घेऊन भटको अन् ती तिकडं खिडकीत बसून. रोज फोन करे अन् म्हणे, फोन पेटीजवळ न्या. मी नेओ. ती ऐकत राहे, अन् मंग म्हणे, काई समजत नाई हो, नुसतं घूं घूं येते.

मंग रंजनानंच मोबाइलवर दाखवलं, बाबा, गाडीच्या मांगं जोडाची खोली भेटते, चाकावरची, आत पलंग आहे, खुर्चीवाला संडास आहे, पायरी खाली आहे, आई तुमच्यासंग जाऊ शकते. मी म्हणलं, घेऊन टाकू. कंपनीचं नाव मी घेत नाई, वकीलसाहेबानं मनाई केली आहे. खोली आली तवा सुशीलानं दारावर हळदीकुंकू लावलं, अन् मले तिच्या तोंडावर लकव्याच्या आंधीचं हसू दिसलं.

आता ध्यान देऊन ऐका, इथंच माही बरबादी आहे. पहिल्याच दिवशी खोली पिकअपच्या मांगं झोकांड्या खाऊन राहिली होती, दारू पिल्यासारखी. मी लगेच फोन केला. तिकडची पोरगी मोठ्या गोडीनं म्हणे, काका, नवीन आहे ना, चालता चालता सेट होते. म्हणलं ठीक आहे, शिकलेले लोक आहेत. हा फोन पहिल्या दिवशीचा. अन् तिसऱ्या दिवशी सुशीला म्हणे, अवो, आतली जमीन तव्यावानी तापते, माती अन् शेण आणून द्या. मी आणून देलं. कोणता माणूस नाई म्हणीन? तिनं बसल्या बसल्या सरकत सरकत अख्खी खोली सारवली, पाय मेलेला, हात चालू, दोन तास लागले. लोकं येऊन पाहून गेले, असं सारवण घरात नाई राहत. अन् मी भैताड, मले आला उल्हास, मी फोटो काढला अन् कंपनीच्याच नंबरवर पाठवला. त्याईनंच सांगतलं होतं ना, का तुमच्या खोलीचे फोटो पाठवत जा म्हणून. तिकडून अंगठा आला. मी तो अंगठा चार जणाले दाखवला.

महिनाभरानं काटोलच्या रस्त्यावर टायर फुटलं, खोली आडवी होऊन नालीत गेली. सुशीला समोर माह्या बाजूले बसली होती म्हणून वाचली. क्रेननं खोली उचलून गावी, बापाच्या पडक्या घराच्या आंगणात आणून टाकली. गावच्या मिस्त्रीनं खाली घुसून पाह्यलं, टायर एकाच कडेनं झिजलेलं, चिंधी झाली होती त्याची. मिस्त्री म्हणे, भाऊ, दोन चाकाच्या मधातला हा दांडा, हा एक्सल, कारखान्यातूनच तिरपा जोडला आहे, वेल्डिंग पाहा, हे जनमाचंच वाकडं आहे. म्हणलं चला, वॉरंटी आहे, कशाले भ्याचं.

कंपनीचा साहेब आला. काका काका करे, चहा पेला, सुशीलाले नमस्कार केला. अन् आठ दिवसानं कागद आला, का ग्राहकाने जमिनीवर परवानगीशिवाय मातीचा थर दिला, वजन वाढले, त्यामुळे एक्सल वाकला, वॉरंटी लागू नाही. खाली आमचाच फोटो चिकटवलेला. सुशीला हसून राहिली त्याच्यात, हात मातीनं भरलेले. मी म्हणलं, अरे बावा, झोकांड्या पहिल्या दिवशी होत्या, सारवण तिसऱ्या दिवशी! तर म्हणे, काका, फोनचं काही लिहून नाही, फोटो मात्र तुम्हीच पाठवला. तोंड दाबून बुक्क्याचा मार म्हणतात तो हाच जी.

मले राग याचा नाई का वॉरंटी गेली. राग याचा आहे का त्या दिवसापासून तिनं मानलं, का हे माह्या हातानं झालं. मी किती समजावलं, मिस्त्रीले बोलावून तिच्यासमोर बोलाले लावलं. ती म्हणे, तुमी माह्यासाठी खोटं बोलता. मी पेट्याईकडं गेलो तवा तिनं खुरपं घेतलं अन् दोन दिवसात सगळं सारवण खरडून काढलं, नखं फुटले तिचे. थे माती मी दोन बोऱ्यात भरली अन् धरमकाट्यावर नेली. दोन्ही बोऱ्या मिळून माह्यापेक्षा हलक्या! मी एकटा आत पाय ठेवला तर जास्त वजन होते, मंग माणसानं आत चढाचंच नाई का?

गेलो ग्राहकाच्या कोर्टात. वकीलसाहेब म्हणे, तज्ज्ञाचा दाखला पाहिजे, एक्सल खोलून पाह्य लागते. कंपनीचा वकील म्हणे, बाहेरच्या माणसानं एक्सल खोलला तर तेवढ्यावरच वॉरंटी बाद. म्हणजे खोललं तरी मेलो, नाई खोललं तरी मेलो. मी म्हणलं, मंग तुमीच खोला. ते म्हणतात, आमी पाह्यलं आहे, अहवाल देला आहे. अन् बोऱ्यांचं विचाराल, तर म्हणतात, सगळी माती याच्यातच आहे हे कशावरून? आता माती काय बोलणार आहे? तारीख पडते, मी एसटीनं नागपूरले जातो, दुसरी तारीख घेऊन येतो. वकीलसाहेब सांगतात, बोऱ्या सांभाळून ठेवा, पुरावा आहे. म्हणून मी त्या पत्र्याखाली ठेवल्या होत्या, वर प्लास्टिक टाकून.

अन् इकडं संत्र्याचा आंबिया बहार फुटला. वास येते ना तुमाले? फूल थांबत नाई जी कोर्टाच्या तारखेसाठी. मी पेट्या दूर नेत नाई आता, जवळच्याच बगीच्यात ठेवतो, गाडीनं जातो, सांजच्याले येतो. राणी गेलेली मले समजत नाई अन् चार पेट्या मेल्या या साली. सुशीला बेसाले जात नाई म्हणते. आंगणात ही खोली विटाच्या टेकूवर उभी आहे, तिच्यातच राहते ती.

काल सकाळी मले म्हणे, अवो, त्या बोऱ्या आणा. म्हणलं, काहून? थे पुरावा आहे. ती म्हणे, कोणासाठी पुरावा? चाक तर फिरत नाई, मंग मी काय जनावरावानी निजू? वकीलसाहेबाले काय सांगाचं थे पुढं पाहू म्हणलं. मंग दोन्ही बोऱ्या ओतल्या, शेण आणलं, हंडाभर पाणी आणून देलं. मेलेला पाय मी धरून सरकवत गेलो, ती सारवत गेली.

तुमी चप्पल काढून या आत, त्या कोपऱ्यात अजून ओलं आहे, तेवढं सांभाळा. पाहा, पायाले कसं गार लागते. बसा जी. ती पेटी तिथं पलंगाजवळ आणून ठेवली आहे, बगीच्यातली एक, तिनं मांगली म्हणून. कान लावून बसली आहे सकाळपासून. तुमाले औक्ष लाभो, पण जरा हळू बोला, तिले ऐकू द्या.