बावन्न वर्षं उशिराचा पास

मंडळी, आजच्या कीर्तनात एकच प्रश्न विचारतो, आणि त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय खाली बसत नाही. ज्या गोष्टीवर आपला जीव असतो, ती आपल्याच हातून कशी बुडते? शत्रूनं बुडवली तर समजू शकतो. पण जिच्यासाठी रक्त आटवलं, तिच्याच पायात आपण पाय घालतो — हे होतं कसं?

आता आपल्या देशाचा फुटबॉलचा संघ घ्या. एके काळी आशियात त्याचं नाव होतं. आज मॅच लागली की आपण काय करतो? नव्वद मिनिटं शिव्या देतो. प्रशिक्षकाला, पंचाला, गोलकीपरच्या हातमोज्यांना! पेटीवाले, तुम्ही हसू नका. परवा टीव्हीवर रिमोट कुणी फेकला, सांगू का सगळ्यांना?

असाच शिव्या देणारा एक म्हातारा होता — आबा इंगवले. कोल्हापूरचा गडी, चिंचेच्या तालमीचा. तिथं तालमीत कुस्ती जेवढी, तेवढाच फुटबॉल. आबा देशाकडून खेळलेले! डाव्या बगलेनं असे सुटायचे, की अडवायला आलेल्या बॅकला नुसती धूळ दिसायची. पेठेत शब्दाला मान. संघ हरला की पोरं विचारायची, "आबा, का हो हरलो?" आबा मिशीवरनं हात फिरवायचे. "आत्ताच्या पोरांत दम न्हाई रं. आमच्या वेळी असतं तर..." आणि पुढं तासभर आमच्या वेळी, आमच्या वेळी!

पण मंडळी, आबांच्या पोटात एक गोष्ट होती. ती त्यांनी बायकोलासुद्धा सांगितली नव्हती.

चिंचेच्या तालमीसमोर दोनशे पावलांवर घाटाची तालीम. दोन्हींचं हाडवैर. लग्नपत्रिका जायची नाही, इतकं! दरसाल दसऱ्याला चिंचेची पोरं मारुतीपुढं बॉल ठेवायची, नारळ फोडायची आणि बॉलवर हात ठेवून शपथ घ्यायची, "घाटाचा गोल होऊ देणार न्हाई." शपथ कुणी मोडली तर तालमीत पाय ठेवायचा नाही.

आणि दैव बघा! देशाच्या संघात एकाच साली दोघं निवडले गेले. चिंचेचे आबा आणि घाटाचे कृष्णात साळोखे. आगगाडीत दोन दिवस शेजारी बसले, तोंडं दोन दिशांना. कृष्णातनं चटणी-भाकरी पुढं केली, तर आबा म्हणाले, "भूक न्हाई." पोटात कावळे ओरडत होते हो!

परदेशातला सामना. एक-एक बरोबरी. शेवटची दोन मिनिटं. जिंकलो तर पुढच्या फेरीत, नाहीतर सामान बांधा. आबा डावीकडनं सुटले. एक बॅक चुकवला, दुसरा चुकवला. गोलकीपर अंगावर आला. उजवीकडं कृष्णात एकटा उभा. पुढं अख्खा गोल मोकळा. कृष्णात ओरडला, "आबा, दे!"

काय करायला पाहिजे होतं? अहो, समोरची आज्जी पण सांगतेय — द्यायला पाहिजे होता! पण आबांचा पाय उचलेना. त्यांना मारुती दिसला. नारळ दिसला. घाटाचा गोल होऊ देणार न्हाई! अंगावर देशाची जर्सी, आणि डोक्यात पेठ. आबांनी स्वतःच मारला. बॉल गोलकीपरच्या पोटात गेला. त्यानं तो पुढं फेकला, आणि दुसऱ्या टोकाला गोल झाला — आपल्यावर.

घरी आल्यावर पेपरवाल्यांनी विचारलं, पास का दिला नाही? आबा ट्रंक उचलून चालायला लागले. तेव्हा मागनं कृष्णात बोलला, "मी ऑफसाइडला उभा होतो, पास दिला असता तरी गोल धरला नसता. चूक माझी हाय." खोटं बोलला! वैऱ्यासाठी खोटं बोलला, आणि जन्मभर ते दूषण स्वतःच्या माथ्यावर घेऊन फिरला. आबांनी त्याच्या घरी जायला पाहिजे होतं का नव्हतं? दोनशे पावलं हो! आज जाऊ, उद्या जाऊ, असं करता करता कृष्णात वारला. आबांना मयतीलाही जाता आलं नाही. त्या दिवशी ते एकटेच मैदानावर जाऊन बसले, आणि रडले.

आता पुढं ऐका. आबांची नात तेजल. आजोबांचाच डावा पाय! मुलींच्या राष्ट्रीय संघात तिची निवड झाली. पेठेत हलगी वाजली. आणि चौथ्या दिवशी कळलं, घाटाचीही एक निवडली गेली. राजश्री साळोखे, कृष्णातची नात. कसं वाटतं देवाचं गणित? वैऱ्याला पुन्हा शेजारी बसवतो!

दसरा आला. मारुतीपुढं बॉल. शपथ द्यायचा मान थोरल्याचा, म्हणजे आबांचा. तेजलनं बॉलवर हात ठेवला. "द्या आबा शपथ."

आबांच्या हातात नारळ. त्यांना वाटलं, मी आत्ता बोललो तर माझी पेठ माझ्या तोंडावर थुंकेल. नाही बोललो तर ही पोर तिथं जाऊन तेच करेल, जे मी केलं.

"शपथ देणार न्हाई," आबा म्हणाले. आणि सगळं सांगून टाकलं. पास, नारळ, कृष्णातचं खोटं. "देशाचा संघ का बुडाला, म्हणून विचारता न्हवं मला? दुसऱ्यांचं न्हाई सांगत. माझ्यापुरतं सांगतो. त्या दिवशी मी बुडवला."

कुणी थुंकलं नाही, पण कुणी जवळही आलं नाही. एकटी तेजल उठली. बॉल काखेत मारला, आजोबांचा हात धरला. "चला."

दोनशे पावलं. शहात्तर वर्षांचे गुडघे. घाटाच्या तालमीच्या दारात राजश्री बुटाची लेस बांधत बसली होती. आबांनी हात जोडले. "पोरी, तुझा आजा ऑफसाइडला न्हवता."

"ठाऊक हाय आम्हाला," राजश्री म्हणाली. "ते सांगायचे, इंगवले येतील एक दिवस. डाव्या बगलेचा गडी हाय, लांबनं वळसा घालून येतो."

आबांनी बॉल खाली ठेवला. डाव्या पायानं हळूच ढकलला. राजश्रीनं तो अडवला. बावन्न वर्षं उशिरा, पण पास पोचला!

पुढं तुम्ही म्हणाल, देशाच्या सामन्यात पोरी जिंकल्या. नाही! तीन-एक हरल्या. पण तो एक कसा झाला? तेजल डावीकडनं सुटली, गोलकीपर अंगावर आला, आणि तिनं मान वर न करता बॉल उजवीकडं दिला. राजश्री तिथंच होती. घाटाचा गोल! आणि फटाके कुठं वाजले? चिंचेच्या तालमीत! पहिली माळ आबांनी लावली. शेजारचा म्हणाला, "आबा, हरलोय आपण." आबा म्हणाले, "लावू दे रं. सुरुवात झालीय."

झालं आख्यान. उत्तर मिळालं का? डोलू नका नुसते. मघापासून बघतोय — या मांडवात वरची आळी डावीकडं, खालची आळी उजवीकडं, आणि मधनं हत्ती जाईल एवढी वाट. भजन एक, देव एक, सतरंज्या दोन! आता प्रसादाचं ताट निघेल. डावीकडच्यांनी आपल्यातच फिरवायचं नाही. मृदंगवाले, तुमचा भाऊ पलीकडं एकटा उभा आहे, तीन वर्षं बोलला नाहीत म्हणे.

उठा. ताट घ्या. तो मोकळा उभा आहे.