हरणाचा दात

आजच्या सभेचे अध्यक्ष, अधिष्ठाता डॉ. लझहर मिसावीसाहेब, व्यासपीठावरचे मान्यवर पाहुणे, रसायनशास्त्र विभागाची गुरुजन मंडळी, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या आमच्या डॉ. दलेंदा झोगलामीबाई, आणि बीर तलहाहून टेम्पोत दाटीवाटीनं बसून गफ्सापर्यंत आलेले माझे गाववाले, सर्वांना माझा सलाम.

मी तिजानी. गावच्या हम्मामात आंघोळीचं पाणी तापवायची भट्टी चौतीस वर्षं पेटवतोय. एवढी नावं सुनेनं लिहून दिली होती, ती संपली. पुढचं माझं मी बोलणार आहे, तेव्हा सांभाळून घ्या.

मघापासून विद्वान मंडळींनी बाईंचं संशोधन सांगितलं. मला निम्मं कळलं, उरलेल्या निम्म्याला मी टाळ्या वाजवल्या. पण रसायनशास्त्राचा समाजाला उपयोग काय, असं कोणी विचारलं तर त्याचं उत्तर माझ्या तोंडातच आहे. हे बघा माझे दात. तपकिरी. आमच्या विहिरीच्या पाण्यात जमिनीतूनच फ्लोराइड येतं. लहानपणी ते पोटात गेलं की दात उगवतानाच खडूसारखे निस्तेज येतात, मग तपकिरी होतात आणि तसेच कबरीत जातात. बाहेरगावी आम्ही तोंड उघडलं की लोक गाव ओळखतात. म्हणून हसू आलं की आमचा हात आधी तोंडावर जातो. माझ्या लग्नाच्या फोटोत नवरा, नवरी आणि अकरा वऱ्हाडी, सगळ्यांचे हात तोंडावर. बघणाऱ्याला वाटावं, घरात कोणी गेलंय.

आठ वर्षांपूर्वी, कुर्बानीच्या ईदनंतर चौथ्या दिवशी, बाई माझ्या भट्टीच्या दाराशी आल्या. बरोबर चार पोती हाडं. म्हणाल्या, "तिजानीकाका, एवढी भाजून द्या. यांतून पाणी गाळायचंय."

मी म्हटलं, "बाई, मांस आम्ही खाल्लं, आता हाडं तुम्ही शिजवणार?"

"शिजवायची नाहीत. हाड नीट भाजलं की पाण्यातलं फ्लोराइड धरून ठेवतं. आणि ईदच्या मेंढ्यांची हाडं म्हणजे गावात कोणाला शंका नको."

आता सांगा, मुरलेल्या भट्टीवाल्याला कमीपणा येईल असं काम मी करीन का? दिवसभर जाळ घातला आणि संध्याकाळी चुन्यासारखी पांढरीशुभ्र हाडं त्यांच्या हातात दिली. बाईंनी कुटली, त्यांतून पाणी गाळलं आणि त्यात त्यांचं ते लाल औषध थेंबभर टाकलं. फ्लोराइड असलं की लाल रंग फिका पडतो. तो पडला.

"काका, फार स्वच्छ झाली हो. काळी हवी होती."

मला राग आला. "काळं काय, कोणीही करील," मी म्हटलं. आणि सांगायला लाज वाटते, पण मला नाही जमलं. वारा लागला की पांढरी, जाळ कमी केला की कच्ची. तीन पोती वाया गेली. ईद वर्षातून एकदा येते, आणि उरलं होतं एक पोतं. त्याच महिन्यात माझी नात दोरसाफ जन्मली होती. बाईंनी तिला मांडीवर घेतलं आणि म्हणाल्या, "हिचे दुधाचे दात मोजायचे नाहीत. सात वर्षांनी दुसरे येतील. ते चांगले आले नाहीत, तर काका, मला गावभर हसा."

आम्हा दोघांची तोंडं पडलेली बघून माझी बायको मब्रूका, जेवण घेऊन आली होती ती, म्हणाली, "कुसकुसच्या भांड्याच्या सांध्याला मी कणकेची पट्टी कशाला लावते? वाफ बाहेर जाऊ नये म्हणूनच ना? मग हाडांचं तोंड का उघडं ठेवलंय?"

कणीक भट्टीत जळेल, म्हणून तिनं माती भिजवली. रांजणात हाडं भरली, झाकण लिंपलं, धूर जायला सुईएवढं भोक ठेवलं. दुसऱ्या दिवशी रांजण फोडला तर आत काळीभोर हाडं. बाईंनी पाणी गाळलं, थेंब टाकला. लाल तो लालच राहिला. बाईंनी मब्रूकाला भट्टीपुढेच मिठी मारली.

यावर बाईंनी शोधनिबंध लिहिला, त्यात माझ्या बायकोचं नाव वर आहे आणि माझं शेवटी, आभारांत. हे मला दर शुक्रवारी जेवताना ऐकावं लागतं. असो.

तेव्हापासून गावच्या टाकीत दर ईदला नवी काळी हाडं पडतात. वापरलेली पुन्हा कशी ताजी करायची, यावर बाईंचे विद्यार्थी आता संशोधन करताहेत. त्यांना माझी भट्टी मोकळी आहे. मब्रूकाला मात्र त्यांनी स्वतः विचारावं.

आता एक गुपित फोडतो. अध्यक्षसाहेब, हा समारंभ दोनदा पुढे ढकलला. कागदावर सही राहिली, असं तुम्हाला कळवलं होतं ना? सगळ्या सह्या झाल्या होत्या. दोरसाफचा दात यायचा राहिला होता.

आमच्याकडे पडलेला दात सूर्याकडे फेकतात आणि म्हणतात, गाढवाचा घे, हरणाचा दे. बीर तलहात पिढ्यान्‌पिढ्या आम्ही गाढवाचा दिला आणि गाढवाचाच परत मिळाला. दोरसाफनंही फेकला. मग बाई दर मंगळवारी सत्तर किलोमीटर येऊन तिच्या तोंडात डोकावायच्या. मी चेष्टा करायचो, "काय बाई, हसू का?" गेल्या मंगळवारी दात अर्धा वर आला होता. बाईंनी पोरीला उन्हात नेलं, चष्मा पुसला, बघितलं, परत पुसला. मग माझ्या सरपणावर मटकन बसल्या आणि रडायलाच लागल्या.

"काका, चकाकतोय."

दोरसाफ, तिसऱ्या रांगेत आहेस ना? ऊठ बाळ. दाखव सगळ्यांना.

बाई, आमच्या म्हाताऱ्यांचे दात आता बदलायचे नाहीत. ते राहू देत. आपले सर्वांचे आभार मानतो, आणि अडाणी माणसाच्या बोलण्यात वावगं काही गेलं असेल तर पोटात घाला. फोटोवाल्या भावा, जरा थांब. बीर तलहाकर, सगळे वर या, बाईंच्या भोवती उभे राहा. आणि हात खाली घ्या.